‘मिनिटाला ३४ शब्द’ या नोंदीतून काय कळतं? प्राथमिक शाळेत वाचनाची प्रगती कशी तपासतात

एका पालकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी दुसरीत आहे. पाठ्यपुस्तकातले धडे घरी घडाघडा वाचते. तरी वर्षअखेरीला बाईंनी नोंद केली आहे: ‘मिनिटाला ३४ शब्द, अचूकता ९२ टक्के, आकलन चांगलं, सरावाची गरज.’ हे आकडे येतात कुठून, त्यांवर किती विसंबायचं आणि मुलगी मागे पडली आहे का?

मी अनेक वर्षं पहिली ते चौथीच्या मुलांना वाचायला शिकवलं आणि आता वाचन कसं तपासावं हे शिक्षकांना शिकवते. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. वेगात ती थोडी मागे आहे, पण त्या वयात वेग नीट सरावाने वाढतो. बाईंनी ‘आकलन चांगलं’ लिहिलंय, ती त्या ओळीतली सगळ्यात मोलाची नोंद आहे. आणि एक महत्त्वाची माहिती त्या ओळीत नाहीच, ती तुम्ही बाईंना विचारून घ्यायला हवी. कोणती, ते पुढे येईल.

आधी पाठ्यपुस्तकाबद्दल. शाळेतला धडा बाईंनी वाचलेला असतो, वर्गाने एका सुरात म्हटलेला असतो, घरी पुन्हा झालेला असतो. सहा-सात वर्षांच्या मुलांची स्मरणशक्ती इतकी तल्लख असते की चित्र आणि पहिली ओळ दिसली की पुढचं सगळं ओठांवर येतं. यात मूल कुणाला फसवत नसतं. ते मनापासून वाचत असतं, फक्त त्यातलं किती डोळ्यांनी आणि किती आठवणीने हे त्यालाही माहीत नसतं. खात्री करायची असेल तर धड्याच्या मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवून ‘हा कोणता?’ असं विचारा, किंवा ओळीतले शब्द शेवटाकडून सुरुवातीकडे वाचायला सांगा. जे मूल खरंच वाचतं ते हळू होतं, पण वाचतं. जे आठवणीवर चाललं होतं ते ओळीच्या सुरुवातीला परत जाऊन मनात म्हणत तिथपर्यंत येतं. म्हणूनच प्रामाणिक वाचन-तपासणी कधीही न पाहिलेल्या उताऱ्यावर करावी लागते. तुमच्या बाईंनी ती तशीच केली असणार, म्हणून घरचं चित्र आणि शाळेची नोंद जुळत नाही.

तपासणी होते ती अशी. बाई आणि मूल शेजारी बसतात, बाकीचा वर्ग दुसऱ्या कामात असतो. मुलापुढे उतारा, बाईंच्या हातात त्याच उताऱ्याची दुसरी प्रत आणि घड्याळ. मूल मोठ्याने वाचतं. चुकलेल्या शब्दाच्या वर मूल प्रत्यक्षात काय म्हणालं ते लिहायचं, गाळलेल्या शब्दावर रेघ मारायची, मुलाने स्वतःहून सुधारलं तर तशी खूण करायची. अडलं तर साधारण तीन सेकंद वाट पाहून शब्द सांगायचा आणि तो चुकीत धरायचा. मिनिट झालं की जिथे पोचलं तिथे खूण. तुमच्या मुलीने त्या मिनिटात ३७ शब्द वाचले असतील, त्यांतले ३ चुकले. म्हणून ३४ बरोबर, आणि ३७ पैकी ३४ म्हणजे ९२ टक्के अचूकता. दोन्ही आकडे एकाच मिनिटातून आले आहेत.

अशा खुणा करत मुलाचं वाचन टिपण्याची पद्धत न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांनी रूढ केली. त्यांनी घालून दिलेली वाटणी आजही अनेक शाळा वापरतात: ९५ टक्के किंवा जास्त अचूकता असेल तर तो मजकूर मुलाला सोपा, ९० ते ९४ असेल तर बाईंच्या मदतीने शिकण्याजोगा, ९० च्या खाली असेल तर फार अवघड. या वाटणीतून मुलाला कोणता मजकूर द्यायचा ते ठरतं, मूल हुशार की ढ हे ठरत नाही. ९२ टक्क्यांचा अर्थ इतकाच की त्या पातळीचा मजकूर तुमच्या मुलीला कुणीतरी शेजारी बसून वाचायला द्यावा. एकटीने वाचायला मात्र त्याहून एक पायरी सोपं पुस्तक हवं. क्ले यांच्या पद्धतीतला एक भाग मी वापरत नाही. त्या चुकांची विभागणी अर्थ, वाक्यरचना आणि अक्षरं अशा तीन आधारांनुसार करत, आणि त्यातून पुढे अनेक वर्गांत मुलांना ‘चित्र बघ आणि शब्द ओळख’ असं शिकवलं गेलं. कच्चं मूल आधीच अंदाजावर जगत असतं. त्याला आणखी अंदाज शिकवला की अक्षरांकडे बघायची गरजच उरत नाही.

आता ती न लिहिलेली माहिती: ते तीन शब्द कोणते चुकले, आणि त्यांच्या जागी मुलगी काय म्हणाली?

माझ्या मते वाचन-तपासणीचा गाभा इथे आहे. ३ चुका हा आकडा दोन मुलांचा सारखा असू शकतो आणि त्या दोघांना उद्या शिकवायच्या गोष्टी पूर्ण वेगळ्या असू शकतात. एक मूल ‘धर’ला ‘घर’, ‘भात’ला ‘मात’ आणि ‘थवा’ला ‘यवा’ वाचतं. त्याची मुळाक्षरंच पक्की नाहीत. सारख्या दिसणाऱ्या अक्षरांच्या जोड्या घेऊन ती वेगळी ओळखण्याचा सराव त्याला हवा. दुसरं ‘किनारा’चं ‘कनारा’ आणि ‘खेळू’चं ‘खेळ’ करतं. त्याला अक्षर येतं, पण स्वरचिन्ह निसटतं. तिसरं ‘राजाने घोडा पाहिला’ यातल्या घोड्याच्या जागी हत्ती म्हणतं आणि पुढे जातं. ते अर्थ धरून चाललंय, पण डोळे कागदावर नाहीत. चौथं बाकी प्रत्येक शब्द बरोबर वाचतं, मात्र ‘सूर्य’ आणि ‘दुसऱ्या’ यांसारखी जोडाक्षरं आली की थबकतं.

देवनागरी वाचणाऱ्या मुलांच्या बाबतीत हे फार बारकाईने पाहावं लागतं, कारण आपल्या लिपीत डोळ्यांचा आणि जिभेचा क्रम नेहमी जुळत नाही. ‘कि’ वाचताना वेलांटी क च्या डावीकडे दिसते, तिचा उच्चार मात्र क नंतर येतो. ‘सूर्य’मधला रफार य च्या डोक्यावर बसतो, पण र म्हणायचा य च्या आधी. मात्रा वर, उकार खाली, काना उजवीकडे, पहिली वेलांटी डावीकडे. एका अक्षराभोवती चारी दिशांना लक्ष ठेवावं लागतं. शिवाय चिन्हांची संख्या मोठी. मुळाक्षरं, प्रत्येकाची बाराखडी आणि वर जोडाक्षरं धरली तर मुलाला शेकडो आकार ओळखावे लागतात. सोनाली नाग यांनी कन्नड वाचायला शिकणाऱ्या मुलांवर केलेलं काम २००७ मध्ये प्रसिद्ध झालं. अशा लिप्यांमध्ये अक्षरज्ञान पहिलीत संपत नाही, ते चौथीपर्यंत वाढतच राहतं, असं त्यातून दिसलं. माझा अनुभवही तोच आहे. म्हणून दुसरीतलं मूल ‘ज्योत्स्ना’ला अडलं तर घाबरू नये. मात्र दुसरीच्या अखेरीस ते ध आणि घ मध्ये गोंधळत असेल तर थांबून राहू नये.

अक्षर-ओळख खरी की पाठांतर, हे तपासायला आणखी एक उपाय आहे: निरर्थक शब्द. ‘टमूक’, ‘रीगपा’, ‘झुले’सारखा दिसणारा ‘झुसे’. हे शब्द मुलाने कधी ऐकलेले नसतात, त्यामुळे आठवणीचा किंवा अर्थाचा आधार नसतो. अक्षरं जोडता येत असतील तरच वाचता येतात. इंग्लंडमध्ये २०१२ पासून पहिल्या इयत्तेतल्या सगळ्या मुलांची अशी चाचणी होते. तीत ४० शब्द असतात, २० खरे आणि २० बनवलेले. सुरुवातीच्या दोन वर्षांत ३२ गुणांची उत्तीर्णरेषा शिक्षकांना आधीच ठाऊक होती. निकाल आले तेव्हा ३१ गुणांच्या मुलांपेक्षा ३२ गुणांची मुलं एकदम कितीतरी जास्त निघाली. नंतर ती रेषा चाचणी होईपर्यंत जाहीर करायची नाही असं ठरलं. समोरचं मूल एका शब्दासाठी नापास होताना पाहणाऱ्या बाईंचं मन मी समजू शकते. पण मुलाला ज्या मदतीची गरज होती ती त्या एका गुणाने हिरावली. वाचनाच्या तपासणीवर शाळेची किंवा शिक्षकाची पत टांगली की तिच्यातून मुलाविषयी खरं कळेनासं होतं. म्हणून वर्गातली तपासणी आणि शाळांची तुलना या गोष्टी वेगळ्याच ठेवायला हव्यात, असं मला ठामपणे वाटतं.

वेगाकडे वळू. वेग मोजायचा कशासाठी, असं पालक विचारतात, आणि प्रश्न योग्य आहे. मूल एकेक अक्षर जोडत असेल तर वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. मनाची सगळी ताकद अक्षरांवर खर्च होते, अर्थासाठी काही उरत नाही. वेग हा अक्षर-ओळख किती सहज झाली आहे याचा अंदाज देतो, इतकंच त्याचं काम. भारतात २०२१ मध्ये मुलांच्या पायाभूत वाचन-गणितासाठी सुरू झालेल्या सरकारी निपुण भारत अभियानात दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या अखेरीस किमान ६० शब्द, तेही अर्थ समजून, असं लक्ष्य ठेवलेलं आहे. त्या हिशेबाने ३४ कमी आहे, हे मान्य करायला हवं. पण काही गोष्टी ध्यानात घ्या. आज एक उतारा दिला आणि उद्या दुसरा, तर त्याच मुलाच्या आकड्यात पाच-दहा शब्दांचा फरक सहज पडतो. विषय ओळखीचा नसेल, जोडाक्षरं जास्त असतील, मूल दमलेलं असेल, बाजूच्या वर्गात गोंगाट असेल, तर आकडा घसरतो. त्यासाठी काळजीपूर्वक तपासणारे शिक्षक तीन छोटे उतारे देतात आणि मधला आकडा धरतात. एकाच मिनिटावरून मोठा निर्णय कुणी घेऊ नये.

इंटरनेटवर इंग्रजी वाचनाचे तक्ते मिळतात, त्यांत दुसरीच्या अखेरीस १०० शब्द असं दिसतं आणि पालक हादरतात. ते अमेरिकेतल्या इंग्रजी वाचणाऱ्या मुलांचे सरासरीच्या आसपासचे आकडे आहेत. मराठीत ‘घरासमोरच्या’ हा एकच शब्द मोजला जातो, आणि त्यात घर, समोर, विभक्ती सगळं आलं. शब्दांची लांबी, लिपी, सगळंच वेगळं असताना ते आकडे आपल्या मुलांना लावणं चुकीचं आहे.

वेगाची आणखी एक बाजू आकड्यात दिसतच नाही. मूल कसं वाचतं? शब्दाशब्दाला थांबतं, की दोन-तीन शब्दांचे गट करतं? प्रश्नचिन्हाला आवाज चढतो का? संवाद आला की आवाज बदलतो का? अमेरिकेत १९९२ मध्ये चौथीच्या मुलांचं मोठ्याने वाचन तपासताना यासाठी चार पायऱ्यांची श्रेणी वापरली होती. सर्वांत खालच्या पायरीवर एकेक शब्द सुटा, सर्वांत वरच्या पायरीवर अर्थाला धरून गट आणि भाव. मी शिक्षकांना सांगते की आकड्याबरोबर ही पायरीही लिहा. ७० शब्दांचा वेग आणि आवाज सपाट, स्वल्पविराम-पूर्णविराम सगळे ओलांडलेले, हे मूल घड्याळाशी शर्यत लावतंय. मोजणीवर फार भर दिला की मुलं हे लवकर शिकतात. त्याला ‘हळू वाच, आणि मग मला गोष्ट सांग’ असं सांगावं लागतं.

आणि आता आकलन. १९८६ मध्ये फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी वाचनाचं एक अगदी साधं सूत्र मांडलं: अक्षरं ओळखून शब्द उच्चारता येणं गुणिले ऐकलेली भाषा समजणं, म्हणजे वाचून समजणं. यात बेरीज नाही, गुणाकार आहे. दोन्हींपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्य. या सूत्राने माझं रोजचं काम सोपं केलं. मूल उतारा वाचून प्रश्नांना चुकतं तेव्हा मी तशाच पातळीचा दुसरा उतारा त्याला स्वतः वाचून दाखवते आणि प्रश्न विचारते. ऐकून सगळं कळलं, तर अडचण अक्षरांत आहे. ऐकूनही कळलं नाही, तर अडचण भाषेत, शब्दसंग्रहात किंवा विषयाच्या माहितीत आहे, आणि अक्षरांचा कितीही सराव दिला तरी ती सुटणार नाही. त्या मुलाला गोष्टी ऐकवायला हव्यात, गप्पा मारायला हव्यात. ही तपासणी पाच मिनिटांची आहे आणि तरीही फार थोड्या ठिकाणी होते, याचं मला वाईट वाटतं.

प्रश्न कसे विचारतात यावर सगळं अवलंबून आहे. समजा उतारा असा आहे: ‘मनू शाळेतून निघाली तेव्हा आभाळ भरून आलं होतं. तिने हातातली वही फ्रॉकच्या आत खोचली आणि धावत सुटली. घरी पोचल्यावर आजीने तिचे केस टॉवेलने खसखसा पुसले. वही मात्र कोरडी होती.’ ‘मनू कुठून निघाली?’ याचं उत्तर ओळीत लिहिलेलं आहे, शब्द जुळवला की मिळतं. ‘वाटेत काय झालं असेल?’ याचं उत्तर उताऱ्यात कुठेच लिहिलेलं नाही, पाऊस हा शब्दच नाही. केस, टॉवेल, आभाळ यांची सांगड घातली तरच ते सापडतं. ‘वही कोरडी का राहिली?’ इथे दोन वाक्यं जोडावी लागतात. ‘पावसात बाहेर जाताना काय घ्यावं?’ हा प्रश्न मात्र टाकाऊ, कारण उतारा न वाचता कुणीही उत्तर देईल. तुमच्या बाईंनी ‘आकलन चांगलं’ कशावरून लिहिलं ते जरूर विचारा. फक्त पहिल्या प्रकारचे प्रश्न असतील तर ती नोंद अर्धीच आहे. मला स्वतःला सगळ्यात जास्त सांगून जातं ते मुलाचं पुनर्कथन: ‘जे वाचलंस ते तुझ्या शब्दांत सांग.’ काय आठवलं, कोणत्या क्रमाने, कोण कशासाठी काय करत होतं हे धरलं का, सगळं त्यात उघड होतं.

विषयाच्या माहितीचा परिणाम किती मोठा असतो, हे १९८८ मध्ये डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी बेसबॉलच्या उताऱ्यावरून दाखवलं. कच्चं वाचणारी पण खेळ नीट माहीत असलेली मुलं, चांगलं वाचणाऱ्या पण खेळ माहीत नसलेल्या मुलांपेक्षा उतारा चांगला समजली. एकाच उताऱ्यावरून ‘याला आकलन नाही’ असा शेरा देणाऱ्यांनी हे आठवावं.

बोलीबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगते. मुलाने ‘पाणी’ हा शब्द पाहिला आणि ‘पानी’ म्हटलं, किंवा ‘होता’चं ‘व्हता’ केलं, तर ते चुकीत धरायचं नाही. त्याने अक्षरं ओळखली, अर्थ कळला आणि घरच्या उच्चारात सांगितलं. ती वाचनाची खूण आहे. त्याला चूक धरणारी तपासणी मुलाचं घर मोजते, वाचन मोजत नाही. घरी दुसरीच भाषा बोलणाऱ्या मुलांच्या बाबतीत तर वाचनाचा आणि भाषेचा अंदाज वेगवेगळा घ्यावाच लागतो.

तुम्ही बातम्यांत वाचता ते मोठे अहवाल वेगळ्या कामाचे असतात. ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेचा शिक्षणाची स्थिती सांगणारा असर अहवाल २००५ पासून येतो. तिथे कार्यकर्ते गावात घरोघरी जातात, मुलासमोर पहिलीच्या पातळीचा परिच्छेद ठेवतात, जमला तर दुसरीच्या पातळीची गोष्ट, नाही जमला तर शब्द, तेही नाही तर अक्षरं. मुलाची इयत्ता काहीही असो, साधन तेच. पाचवीतल्या किती मुलांना दुसरीचं वाचता येतं, असे प्रश्न त्यातूनच पुढे आले. आंतरराष्ट्रीय पर्ल्स (PIRLS) चाचणी २००१ पासून दर पाच वर्षांनी चौथीच्या मुलांची मूकवाचनातली समज पाहते. या चाचण्यांवरून राज्य किंवा देश कुठे आहे हे कळतं. तुमच्या मुलीला सोमवारी काय शिकवायचं ते त्या सांगू शकत नाहीत आणि त्यासाठी त्या बनवलेल्याही नाहीत. असरची पायऱ्यांची कल्पना मात्र वर्गात छान चालते: जिथे मूल अडतं त्या पायरीवर शिकवणं सुरू करायचं, इयत्ता कोणतीही असो.

तपासणी किती वेळा व्हावी? सगळ्या मुलांची वर्षातून तीनदा पुरते, सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी. मागे असलेल्या मुलांची दर एक-दोन आठवड्यांनी, छोटी, पाच मिनिटांची. रोज घड्याळ लावणाऱ्या शाळा मला पटत नाहीत. तो वेळ वाचण्यात घालवावा.

आता तुमच्या मुलीकडे. बाईंना भेटा आणि तीन चुकलेले शब्द विचारा. तो कागद त्यांच्याकडे असेल तर बघायला मागा, चांगल्या शिक्षिकेला त्याचा आनंदच होईल. चुका स्वरचिन्हांच्या असतील तर घरी रोज दहा मिनिटं, न वाचलेल्या सोप्या पुस्तकातली एक-दोन पानं, तुम्ही शेजारी बसून. आधी तिने वाचायचं, मग तुम्ही तेच तालात वाचायचं, मग पुन्हा तिने. तोच मजकूर तीन-चार दिवस चालू द्या, दुसरं-तिसरं वाचन सुटसुटीत होताना तिलाही जाणवतं आणि वेग याच वाटेने येतो. घड्याळ लावू नका. अडली की लगेच शब्द सांगू नका, अक्षरावर बोट ठेवून थोडं थांबा. शिवाय तिच्या पातळीच्या वरची गोष्ट तुम्ही तिला वाचून दाखवत राहा, कारण तिचं आकलन वाढायचं ते सध्या तरी कानांनीच.

साधारण तीन महिने असं नेमाने करूनही चुकांचा प्रकार तोच राहिला, सारखी दिसणारी अक्षरं अजून गोंधळवत असली, किंवा शब्दांतले आवाज सुटे करताना (‘कमळ’मधला क काढला तर काय उरतं?) ती अडत असली, तर शाळेकडे सविस्तर तपासणीची मागणी करा. त्याआधी डोळे आणि कान तपासून घ्या. फळा नीट न दिसणारी आणि सर्दीने महिनोन्‌महिने कमी ऐकू येणारी मुलं ‘वाचनात मागे’ या शेऱ्याखाली बसून राहिलेली मी पाहिली आहेत.